उखळीचा सांधा : किंग पिनपासून बॉल जॉइंटपर्यंत

आजचा विषय ऐकून काहींनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात गॅरेज कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात एका जुन्या गोष्टीने करू. आजीकडून किंवा कीर्तनात आपण सगळ्यांनी ती ऐकलेली आहे. युद्धात दशरथाच्या रथाच्या चाकाची खीळ निखळते. कैकेयी तिथे आपलं बोट घालते, रथ सावरतो, आणि त्या बदल्यात तिला दोन वर मिळतात. वाल्मीकींच्या रामायणात ती जखमी राजाला रणातून दूर नेते. खिळीचा प्रसंग लोकांनी सांगितलेल्या कथेतला आहे. तो लोकांना इतका पटला, कारण बैलगाडी हाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की वाहनाचा जीव त्याच्या सर्वांत लहान तुकड्यात असतो.

आपण आज त्याच तुकड्याचा माग काढणार आहोत. आजच्या पिकअपमध्ये त्या खिळीच्या जागी काय आलं, आणि त्याच्याकडे लक्ष ठेवायचं काम कोणाकडून कोणाकडे गेलं, एवढाच आपला प्रश्न आहे.

आधी जागा बघू. १९८५ साली भाईंदर, मिरा, काशी, नवघर आणि घोडबंदर या गावांची मिळून नगरपरिषद झाली. उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे ही पश्चिमेची गावं नंतर तिच्यात आली आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत इथे सव्वापाच लाखांच्या आसपास माणसं होती, २०११ मध्ये आठ लाखांवर. पूर्वी इथलं मीठ होडीने आणि रेल्वेने जाई, गावातल्या गावात बैलगाडी चाले. आता उत्तनचे बोंबील, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमधली स्टीलची भांडी, इमारतींच्या फरशा, दुधाचे क्रेट, हे सगळं पिकअपवर जातं. मोठा ट्रक गल्लीत शिरत नाही आणि रिक्षा एवढं ओझं उचलत नाही. मधली सगळी जागा पिकअपने घेतली.

बैलगाडीपासून सुरू करू. तिचा आस सरळ. चाक त्यावर फिरतं आणि निसटू नये म्हणून टोकाला खीळ. वळायचं असेल तर अख्खी गाडी बैलांबरोबर वळते, चाकाला स्वतंत्रपणे वळावं लागत नाही. देखभाल म्हणजे वंगण. निघण्याआधी गाडीवान खाली वाकून वंगण घालायचा आणि वाकल्यावर खीळही त्याच्या नजरेस पडायचीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोटार आली आणि चाकाला दोन कामं पडली. फिरायचं आणि वळायचं. वळण्यासाठी आसाच्या टोकाला एक उभी, जाड, पोलादी खुंटी बसवली, तीच किंग पिन. तिच्याभोवती चाकाचा तुकडा दारासारखा बिजागरीवर वळतो. स्वातंत्र्याच्या सुमारास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या तयार होऊ लागल्या आणि महिंद्रांनी माझगावात विलीज जीप जुळवायला घेतल्या. तो जमाना खुंटीचा. जीपच्या पुढच्या आसाच्या टोकांना वर-खाली लहान खुंट्या, ट्रकला एकच लांब पिन.

किंग पिनचा मोठा गुण असा, की ती इथल्या इथे दुरुस्त व्हायची. पिन आणि तिच्या घराच्या मध्ये पितळी बुश असे. झिजला तर दाबून काढायचा, नवा बुश लेथवर करून घ्यायचा, रीमर फिरवून मापात आणायचा. कंपनीचा सुटा भाग मिळाला नाही तरी काम अडत नसे. तिचा दोष म्हणजे ती सतत ग्रीस मागे. ग्रीस गन घेऊन क्लीनर गाडीखाली शिरायचा, एकेक निप्पल पुसायचा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन दाबायचा. अंग माखायचं. हे काम कोणालाच आवडत नसे. पण त्यामुळे आठवड्या-पंधरवड्याने एक माणूस प्रत्येक सांध्यापाशी तोंड नेऊन बघत असे.

आता परदेशात काय झालं? चाकं आसापासून मोकळी करून एकेक चाक वेगळं वर-खाली होऊ द्यायचं, ही पद्धत गाड्यांमध्ये रुळली होती. मग चाकाच्या सांध्याला खड्ड्याबरोबर वर-खाली आणि स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे, अशा दोन्ही दिशांनी हलणं आलं. खुंटी एकाच दिशेने वळते, म्हणून तिच्यासोबत आणखी सांधे लागत. उपाय आपल्या शरीरातच आहे. शाळेत आपण शिकलो तो खांद्याचा उखळीचा सांधा. गोल डोकं, वाटीसारखी उखळी, सगळ्या दिशांना हालचाल. गाडीतला बॉल जॉइंट अगदी तोच. अमेरिकेत १९५२ च्या लिंकन मोटारीत पुढच्या सस्पेन्शनला किंग पिनऐवजी बॉल जॉइंट आले, १९५४ मध्ये फोर्डच्या साध्या गाड्यांत आले. भाग कमी, वजन कमी, ग्रीसच्या जागा कमी. पुढे उखळीला आतून प्लास्टिकचं अस्तर आणि वरून रबराचं बूट आलं. मग जाहिरात झाली, की आता ग्रीस घालायलाच नको.

आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० ने हा सांधा घरोघरी आणला. पिकअपच्या बाबतीत १९८८ ची टाटामोबाइल २०६ महत्त्वाची. तिचं पुढचं सस्पेन्शन मोटारीसारखं होतं, प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म आणि भार घ्यायला टॉर्शन बार. आर्मच्या टोकाला बॉल जॉइंट. याच सांच्यावर पुढे सिएरा आली. इथे एक खुलासा करतो. सगळ्या लहान मालगाड्यांना हा सांधा नसतो. २००५ चा टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, पुढे सरळ आस आणि पाटे घेऊन आला. त्यामुळे शेजारच्याने बॉल जॉइंट बदलला म्हणून आपणही बदलू, असं नसतं. आपल्या गाडीला पुढे काय आहे ते आधी बघावं लागतं.

आता काशीमिऱ्याला या. महामार्गाच्या कडेला, जिथून घोडबंदरचा रस्ता ठाण्याकडे वळतो, त्या भागात आम्ही एका संध्याकाळी एका मिस्त्रींच्या शेजारी स्टूल टाकून बसलो होतो. मासळी वाहणारी पिकअप आली. मालक म्हणाला, "खड्ड्यात खाड-खाड वाजतंय आणि टायर आतून खातोय. जरा टाइट करून द्या, पहाटे तीनला उत्तनला पोचायचंय."

मिस्त्रींनी लगेच पाना उचलला नाही. मागच्या चाकांना दगड लावले. मग ज्या आर्मवर टॉर्शन बारचा भार येतो, त्याच आर्मखाली जॅक लावून चाक उचललं. जॅक चॅसीखाली लावला तर भार सांध्यावर राहतो, सांधा ताणलेला राहतो आणि ढिलेपणा कळत नाही. चाक वरून आणि खालून धरून हलवलं, खट्क झालं. त्यांनी मालकाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर खट्क थांबली असती तर दोष बेअरिंगचा. ती थांबली नाही, म्हणजे सांधा गेला. आडवं धरून हलवून टाय रॉडही बघून घेतला. सगळी मिळून चार-पाच मिनिटं.

चाक काढल्यावर कारण दिसलं. रबराचं बूट फाटलं होतं. फाटलेल्या बुटातून पावसाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, उरलेल्यात वाळू मिसळते आणि मग तेच ग्रीस पॉलिश पेपरचं काम करतं. मासळीच्या गाडीला वरून खारं पाणी गळत असतं. गंज वेगळाच.

मालकाचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता. "वरून ठोकून, दोन टाके वेल्डिंग मारून चालेल का? महिनाभर काढतो." त्याला हसू नका. गाडीचा हप्ता, डिझेल, बर्फ, आणि एक पहाट चुकली की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. शिवाय त्याचे वडील ट्रकवर होते. त्यांनी किंग पिन बुश बदलून वर्षानुवर्षं चालवलेली त्याने पाहिली होती. सांधा दुरुस्त होतो, हे त्याच्या घरातलं ज्ञान होतं आणि त्या काळापुरतं ते खरंही होतं. चूक एवढीच, की हा सांधा वेगळा आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं अस्तर वितळतं, कडक केलेलं पोलाद नरम पडतं. वरून घट्ट वाटतो, आतून संपलेला असतो. आणि भार उचलणारा बॉल जॉइंट उखळीतून सुटला, तर चाक बाहेरच्या बाजूला आडवं पडतं आणि पुढचा कोपरा रस्त्यावर टेकतो. स्टिअरिंग हातात असून उपयोग नाही. रात्रीच्या घोडबंदर रस्त्यावर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा विचार करा. त्याचा या हिशेबात काही संबंधच नाही, आणि किंमत मात्र तो देतो.

मिस्त्रींनी वेल्डिंगला नकार दिला. "हे मी करत नाही" एवढंच म्हणाले. मग काम सुरू झालं. आर्म घोडीवर टेकवला. स्प्लिट पिन काढली, कॅसल नट सैल केला पण पूर्ण काढला नाही. शेवटचे दोन-तीन आटे ठेवले, म्हणजे सांधा झटक्यात सुटला तरी आर्म अंगावर येत नाही. मग खुंट ज्या भोकात बसतो, त्याच्या कडेवर एका बाजूने जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने घाव. तिसऱ्या घावाला निमुळता खुंट सुटला. नव्या सांध्याचा खुंट आणि ते भोक कोरड्या फडक्याने पुसलं. तिथे ग्रीस लावायचं नसतं, कारण ती पकड कोरडीच हवी. नट कंपनीने दिलेल्या मापात आवळला. पिनचं भोक जुळेना, तेव्हा नट मागे न फिरवता किंचित पुढे आवळला आणि नवी पिन घातली. शेवटी म्हणाले, "उद्या अलाइनमेंट करून घ्या, आणि दुसऱ्या बाजूचा पण बघायला या." मालकाची गाडी रात्री साडेदहाला निघाली. पहाट चुकली नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बॉल जॉइंट किंग पिनपेक्षा चांगला आहे, यात वाद नाही. पण ग्रीस गेलं तेव्हा ग्रीसच्या निमित्ताने होणारं बघणंही गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आपण ठेवलं नाही. क्लीनरची नोकरी लहान गाड्यांवरून नाहीशी झाली. कायद्याने फिटनेसची तपासणी आहे, पण ती व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे वर्षातून एकदा. पावसाळा मात्र दरवर्षी येतो, आणि फाटलेल्या बुटाला एक पावसाळा पुरतो.

म्हणून ज्यांच्या घरी, दुकानात, सोसायटीत अशी गाडी आहे, त्यांना आमची विनंती एवढीच. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, बॅटरी घेऊन चाकाच्या मागे वाका आणि रबराचं बूट शाबूत आहे का बघा. पूर्वीचा गाडीवान रोज वाकत होता, आपल्याला वर्षातून दोनदाच वाकायचं आहे. आणि मिस्त्री "हे मी करत नाही" म्हणाला, तर त्याच्याशी घासाघीस करू नका.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. जुन्या ट्रकवर क्लीनर म्हणून काम केलेलं कोणी सभागृहात असेल, तर त्यांनी आधी बोलावं, आम्हाला त्यांच्याकडूनच शिकायचं आहे.