शेपूतली काकडी: पिंपातून जत्रेत

शेपूची भाजी बघून नाक मुरडणारे आपल्यात भरपूर. पण बर्गरसोबत मिळणारी ती हिरवी, आंबट काकडी, म्हणजे ‘डिल पिकल’, आवडीने खाणारेही तेच! डिल म्हणजे शेपूच की. आज या काकडीची गोष्ट.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व युरोपातून लाखो ज्यू लोक अमेरिकेत आले. त्यातले पुष्कळ न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या कोंदट खोल्यांत राहू लागले. तिथे एसेक्स स्ट्रीटच्या आसपास लाकडी पिंपांतून काकडी विकली जायची. पिंपात मिठाचं पाणी, लसूण आणि शेपू. तेल नाही, व्हिनेगरसुद्धा नाही. आंबटपणा येतो जिवाणूंमुळे, दह्याला येतो तसाच. थोडे दिवस मुरली तर ‘हाफ सावर’, जास्त मुरली तर ‘फुल सावर’. शाळेतली पोरं सुटे पैसे देऊन ती घ्यायची आणि रस्त्यातच खायची.

हे सगळ्यांना रुचलं नाही. बर्था वूड नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी 1922 मध्ये स्थलांतरितांच्या खाण्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की असले खारवलेले पदार्थ फार खाल्ले की सौम्य अन्नाची चव कळेनाशी होते. मला तर यात पोटापेक्षा ‘आमच्यासारखं खा’ हा हट्टच जास्त दिसतो. कारण याच देशात 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात हेन्री हाइन्झने काय केलं होतं? त्याचा स्टॉल वरच्या मजल्यावर, तिथे कुणी फिरकेना. मग त्याने काकडीच्या आकाराची छोटी भेटवस्तू फुकट वाटली आणि तोबा गर्दी झाली. कारखान्यातलं लोणचं चालत होतं, पिंपातलं मात्र खटकत होतं!

दोघांमधली दरी मिटवली ती दुकानातल्या बाटलीने. 1940 च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी बाटलीबंद काकडी सुमारे 74 अंश सेल्सिअसला 15 मिनिटं तापवायची पद्धत बसवली. काकडी टिकली आणि फार मऊही पडली नाही. पिंपाचे चाहते या व्हिनेगरवाल्या बाटलीला नावं ठेवतात, ते ठेवोत बापडे. गावोगावच्या फ्रिजमध्ये शेपूचा वास पोचवला तो तिनेच.

आणि आता जत्रा! हाइन्झच्या पिट्सबर्ग शहरात 2015 पासून ‘पिकल्सबर्ग’ भरतं. वर काकडीचा अवाढव्य फुगा, खाली लोणच्याचं पाणी घटाघटा पिण्याची स्पर्धा. नॉर्थ कॅरोलिनातल्या माउंट ऑलिव्ह गावात 31 डिसेंबरला संध्याकाळी सातलाच काकडी खाली सोडून नवीन वर्ष सुरू करतात. तेव्हा ग्रीनिचला बारा वाजलेले असतात ना! मग मंडळी घरी जाऊन निवांत झोपतात.

या बाटलीचं एक टोक आपल्या शेजारीच आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात ‘गर्किन’ची, म्हणजे लोणच्याच्या छोट्या काकडीची, करारशेती सुरू झाली. पुढे ती तमिळनाडू, आंध्र, तेलंगणातही गेली. सरकारच्या 2022 च्या माहितीनुसार सुमारे 90,000 छोटे शेतकरी 65,000 एकरांवर ती पिकवतात. जवळपास सगळा माल परदेशी जातो, अमेरिकेलाही. काकडी बोटाएवढी असतानाच तोडावी लागते. तोडायला उशीर झाला की ती फुगते, आणि फुगली की भाव उतरतो.