वरातीची गॅसबत्ती आणि घरातला एलईडी



गावाकडच्या वरातीत डोक्यावर मिरवणाऱ्या गॅसबत्त्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील, काहींनी आजीकडून ऐकल्या असतील. तिला लोक पेट्रोमॅक्स म्हणत. हे नाव मूळचं बर्लिनचं! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या एहरिश आणि ग्रेत्स कंपनीने हा दिवा बाजारात आणला. नावातला 'मॅक्स' म्हणजे माक्स ग्रेत्स.

त्या बत्तीचा जीव होता जाळीदार मँटलमध्ये. ते शोधलं कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने. तो हायडेलबर्गमध्ये बुन्सेन यांचा विद्यार्थी होता. मँटलमध्ये थोरियमच्या ऑक्साइडसोबत जेमतेम १ टक्का सेरियमचं ऑक्साइड असे. त्या चिमूटभर सेरियममुळेच प्रकाश लखलखीत पडे. सेरियम हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०६ साली 'ओस्राम' हे नाव नोंदलं गेलं. ऑस्मियम आणि वोल्फ्राम, म्हणजे टंगस्टन, या धातूंच्या नावांवरून ते बनलं. नंतर टंगस्टनच्या तारेचा बल्ब घरोघरी पोहोचला, पण तो बहुतेक वीज उष्णतेतच घालवायचा. म्हणून युरोपीय संघाने १ सप्टेंबर २००९ पासून १०० वॅटचे बल्ब बंद केले आणि २०१२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बाकीचेही. नळीवाल्या ट्यूबांवर २०२३ मध्ये पाळी आली.

त्यांची जागा घेतली एलईडीने. प्रखर निळा एलईडी जपानमध्ये साधला आणि त्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं. पण निळ्या उजेडात जेवणार कोण? १९९० च्या दशकाच्या मध्यात फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी एकाच निळ्या चिपवर प्रकाश बदलणारा लेप देऊन पांढरा उजेड मिळवला. अशा एलईडीत सर्रास वापरला जाणारा पिवळा लेप कशाच्या जोरावर चमकतो? त्याच सेरियमच्या!

आता तुमच्या खोक्यावरचे आकडे वाचा. लेपात तांबूस छटा वाढवली की २७०० केल्व्हिनचा पिवळसर उजेड मिळतो, जर्मन बैठकीच्या खोलीतला. आपल्याकडची ट्यूबलाइट म्हणजे साधारण ६५०० केल्व्हिन. स्वयंपाकघरात ४००० घ्या, आणि 'आरए' ९० किंवा जास्त असलेला निवडा. हळदीचा, कोथिंबिरीचा आणि पैठणीचा रंग खरा दिसेल. वॅट नको, ल्युमेन पाहा: जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड म्हणजे साधारण ८०० ल्युमेन. डिमर असेल तर त्याला चालणाराच दिवा घ्या. भारतातून बल्ब आणू नका. तिथला खटक्याचा बल्ब इथल्या ई२७ च्या आट्यात बसत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. हिवाळ्यात आई-बाबा येतात, चार वाजता अंधारून येतं आणि त्यांना आपलं घर मिणमिणतं वाटतं. ती कुरकुर नसते. वयानुसार डोळ्यांत उजेड खरोखरच कमी पोहोचतो. त्यांच्यासाठी जिना, न्हाणीघर आणि वाचायची खुर्ची इथले ल्युमेन वाढवा. रंग मात्र रात्री पिवळसरच ठेवा, म्हणजे झोप उडणार नाही.

दिवा विकत घेताना आधी ज्याला त्या उजेडात बसायचं आहे, त्याला विचारा. भेटूया पुढच्या भागात!