कोकिंबोच्या पायऱ्या

* पायऱ्या : चिलीत कोकिंबोजवळ समुद्राकडे टप्प्याटप्प्याने उतरणारी सपाट जमीन. हे समुद्रानेच घडवलेले जुने किनारे. डार्विनला १८३५ मध्ये त्यांवर आजही जिवंत असलेल्या जातींचे शिंपले आढळले आणि जमीन वर उचलली गेल्याची त्याची खात्री पटली. वाचकाने मात्र एवढ्यावर थांबू नये. समुद्रही जागचा हलत होता: सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा काही मीटर वर, २०,००० वर्षांपूर्वी सुमारे १२० मीटर खाली. म्हणून पायरीच्या आजच्या उंचीतून त्या काळची समुद्रपातळी वजा केली, तरच जमीन किती उचलली गेली ते कळते. त्यासाठी पायरीचे वय माहीत हवे. न्यू गिनीतल्या ह्युऑन द्वीपकल्पावरच्या पायऱ्या प्रवाळाच्या आहेत. प्रवाळाचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढता येते, त्यामुळे तिथला हिशेब अधिक भरवशाचा. – संपा.