जिंकलेले पुणे, न जिंकलेला मावळ

शायिस्तेखान म्हटले की आपल्याला त्याची तुटलेली बोटे आठवतात. पोवाड्यांनी आणि पाठ्यपुस्तकांनी ५ एप्रिल १६६३ ची रात्र मनावर इतकी ठसवली आहे, की तिच्या मागची तीन वर्षे जवळजवळ पुसली गेली. वास्तविक त्या रात्रीचा अर्थ त्या तीन वर्षांतच शोधावा लागतो.

मे १६६० मध्ये खान पुण्यात दाखल झाला. कसबा हाती आला. पण चाकणचा लहानसा भुईकोट घ्यायला त्याला ऑगस्ट उजाडला. फिरंगोजी नरसाळ्याने किल्ला जवळजवळ दोन महिने झुंजवला. एका भुईकोटाला इतके दिवस, तर डोंगरी किल्ल्यांना किती, हा हिशेब खानाला चुकला नसावा. तो पुण्यातच राहिला. आज हिंजवडीच्या उंच इमारतींमागे ज्या डोंगररांगा दिसतात, तिथून पुढे त्याची सत्ता विरळ होत जाई. १६६१ च्या आरंभी कोकणात उतरू पाहणारा कारतलबखान उंबरखिंडीत कोंडला गेला आणि खंडणी देऊन सुटला.

शहर व्यापणाऱ्या फौजेची खरी अडचण अशी, की तिला स्वतःला कोंडून घेता येत नाही. दाणावैरण, नोकरचाकर, गस्तीच्या तुकड्या यांची ये-जा अटळ असते. शिवाय मोगली सैन्यात मराठे सरदारही होते. त्यामुळे चेहरा, वेश, बोली यांवरून शत्रू ओळखणे अशक्यच. खाफीखानाच्या हकीकतीत हल्लेखोर लग्नाच्या वरातीचा परवाना काढून शहरात शिरतात आणि मुदपाकखान्याकडून महालात पोहोचतात. तपशिलांविषयी मतभेद असू शकतील. पण खानाच्या भोवतीचे पहारे नित्य व्यवहाराच्या वाटेनेच भेदले गेले, हे त्यातून उघड होते. त्यातही खान ज्या लाल महालात उतरला होता, तो महाराजांच्या बालपणीचा वाडा. घर व्यापणाऱ्यापेक्षा घरधन्याला त्याच्या भिंती अधिक ठाऊक असणारच.

त्या रात्री खानाचा मुलगा मारला गेला. औरंगजेबाने खानाची रवानगी बंगालच्या सुभ्यावर केली. कथा आपण येथे थांबवतो. इतिहास मात्र थांबत नाही. १६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंह आला. शहरात बसून राहण्याची चूक त्याने केली नाही. पुरंदरला वेढा घातला आणि आसपासच्या गावांत जाळपोळ करणाऱ्या तुकड्या धाडल्या. जून १६६५ च्या तहात २३ किल्ले द्यावे लागले.

म्हणजे लाल महालाचा धडा शत्रूनेही गिरवला होता, आणि त्याची किंमत मावळातल्या रयतेने मोजली. वर्गात तुटलेली बोटे शिकवताना ही जळलेली गावेही शिकवायला हवीत. त्यांच्यावर पोवाडे नाहीत, एवढ्याने ती इतिहासाबाहेर जात नाहीत.