मोटारीच्या चाकांचे नट आवळण्याची योग्य पद्धत

मोटारीचे प्रत्येक चाक साधारणतः चार किंवा पाच नटांनी हबला जोडलेले असते. फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या मोटारींत नटांऐवजी बोल्ट असतात. आवळलेले नट चाकाला हबवर घट्ट दाबून धरतात आणि त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण मुख्यतः भार पेलते. दाब कमी झाल्यास चाक हलू लागते, त्याची छिद्रे झिजतात, बोल्ट तुटतात आणि धावत्या गाडीचे चाक निखळू शकते.

अतिरेकही तितकाच घातक ठरतो. पान्यावर पाय देऊन किंवा हवेच्या यंत्राने बेसुमार आवळल्यास बोल्ट ताणला जातो, आटे खराब होतात आणि वाटेत पंक्चर झाल्यास नट सुटत नाही.

बहुतेक प्रवासी मोटारींसाठी ८० ते १४० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. नेमका आकडा वाहनाच्या माहितीपुस्तिकेत असतो. हबवरील माती व गंज आधी पुसावा. उत्पादकाने सांगितल्याखेरीज आट्यांना तेल लावू नये. घर्षण घटल्याने तेवढ्याच टॉर्कने बोल्ट अधिक ताणला जातो. सर्व नट प्रथम हाताने बसवावेत. जॅक उतरवून चाक जमिनीला टेकल्यावर ते समोरासमोरच्या क्रमाने, पाच असल्यास एकाआड एक, टप्प्याटप्प्याने आवळावेत आणि शेवटी टॉर्क पान्याने तपासावेत.

चाक बदलल्यानंतर ५० ते १०० किलोमीटर अंतर कापल्यावर ही तपासणी पुन्हा करावी. त्याआधीच स्टिअरिंग थरथरू लागल्यास किंवा चाकातून ठकठक ऐकू आल्यास गाडी सुरक्षित जागी तत्काळ थांबवावी.