दार उघडलं, पण किल्ली कुणाकडे?

मंडळी, श्रद्धा आणि संस्था हा विषय फार मोठा आहे. तो आज आपण आपल्याच खानदेशातून पाहू. चोपड्याहून तापी ओलांडून दक्षिणेला गेलं की अमळनेर. तिथं बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची समाधी, वैशाखातली यात्रा, पंढरीला पायी जाणारी दिंडी. त्याच गावात प्रताप शेठजींची कापडगिरणी आणि त्यांनी १९१६ साली काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर. म्हणजे भक्तांची वाट, गिरणीचा भोंगा आणि वेदान्ताची चर्चा, सगळं एका गावात.

या तत्त्वज्ञान मंदिरात कोकणातल्या पालगडचा एक तरुण शिकायला आला, पांडुरंग सदाशिव साने. तिथल्या कोरड्या चर्चेत त्याचं मन रमलं नाही. १९२४ साली तो प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला आणि पुढे छात्रालय सांभाळू लागला. मुलांची अंथरुणं घडी करायची, खोल्या झाडायच्या, कंदिलाच्या काचा पुसायच्या. गुरुजींचा वेदान्त तो हाच. तत्त्वज्ञान मंदिराला कमी लेखायचं नाही, पण माणूस घडला तो छात्रालयात.

दुसरी संस्था म्हणजे धुळ्याचा तुरुंग. १९३२ साली विनोबा आणि गुरुजी दोघंही तिथं होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचनं विनोबांनी गीतेवर दिली. समोर राजबंदी बसलेले, त्यांत जमनालाल बजाज. बोलणारा बोलत होता आणि गुरुजी भराभर उतरून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या टिपणांतून झालं. आपण आज भाषणं उतरवून वाचतो ना, त्या परंपरेतला हा आपल्या भागातला फार मोठा नमुना. गंमत अशी की ज्या सरकारनं यांना कोंडलं, त्याच सरकारच्या भिंतीआड गीता सांगितली गेली, आणि तिथं जात विचारून कुणाला बाहेर बसवलं नाही.

आता पंढरपूर. वारकऱ्यांच्या दिंडीत सगळ्या जाती चालत होत्या, पण विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. चोखोबांची समाधी महाद्वाराजवळ, नामदेव पायरीपाशी. संतांचे अभंग आत म्हटले जात आणि त्या संताच्या जातीचे लोक बाहेर! ही अडवणूक केवळ कुणाच्या मनातल्या अश्रद्धेमुळे नव्हती. पूजेचे वंशपरंपरागत हक्क, देवापुढच्या उत्पन्नाचे वाटे, बडवे आणि उत्पात यांचे जुने दावे, अशी त्यामागं पक्की घडी होती. नुसत्या कीर्तनानं ती उलगडली नसती.

गुरुजींनी उपोषणाचा निर्धार १९४६ च्या अखेरीस केला. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून ते थांबले, आणि मधले महिने सेनापती बापट आणि सेवादलाचं कलापथक यांच्यासोबत महाराष्ट्रभर हिंडले. गावोगावी विहिरी आणि देवळं खुली झाली. आम्हाला हा दौरा उपोषणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. लोकमत आधी, प्राण पणाला नंतर.

१ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. खुद्द गांधीजींनी तार करून ते सोडायला सांगितलं. गांधीजींना देवासमान मानणारा हा माणूस त्या वेळी त्यांचंही ऐकेना. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडव्यांनी संमती दिली आणि १० मेला उपोषण सुटलं. मंदिरप्रवेशाचा कायदाही मुंबई प्रांतात त्याच वर्षी झाला. काही सनातन्यांनी देवाचं तेज आधीच घागरीत काढून घेतलं, असं पंढरपुरात आजही सांगतात. देव उचलून नेता येतो, हा त्यांचा विश्वास पाहून आपल्याला हसू येतं, पण त्यामागची भीती खरी होती.

इथं एक बाजू टाळून चालणार नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू केला, वर्षानुवर्षं मार खाल्ला, आणि १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा करून तो रस्ताच सोडला. ज्यांच्यासाठी दार उघडायचं, त्यांच्या सर्वांत मोठ्या नेत्यानं त्या दाराकडे बारा वर्षं आधी पाठ फिरवली होती. मग गुरुजींचं उपोषण कुणासाठी? आमचं मत असं की ते मुख्यतः सवर्णांसाठी होतं. आपल्या देवावरचा कलंक आपणच पुसावा, अशी ती एका भक्ताची धडपड होती. दलितांच्या सुटकेचा सगळा हिशोब त्यात मांडता येत नाही, आणि म्हणून ती खोटीही ठरत नाही.

बरं, दार उघडलं. पण किल्ली? पूजा आणि उत्पन्न बडव्यांकडेच राहिलं. नाडकर्णी आयोग नेमला गेला, १९७३ ला पंढरपूर मंदिरे अधिनियम आला, कोर्टकज्ज्यांत अडकून तो लागू व्हायला १९८५ उजाडलं. सर्वोच्च न्यायालयानं बडव्यांचा दावा फेटाळला तो जानेवारी २०१४ मध्ये. दहा दिवसांचं उपोषण आणि त्यानंतर सदुसष्ट वर्षं. त्याच वर्षी मंदिर समितीनं पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागवले, सर्व जातींकडून आणि बायकांकडूनही.