सुखवाद, प्राचीन ग्रीक

सुख हेच मानवी जीवनाचे अंतिम साध्य होय, असे मानणारी नीतिशास्त्रीय उपपत्ती म्हणजे सुखवाद. इ. स. पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकांच्या दरम्यान ग्रीसमध्ये या उपपत्तीची पद्धतशीर मांडणी झाली आणि तिची कसोशीची चिकित्साही तेथेच झाली. मराठी वाचकाला मात्र तिचा परिचय बहुधा आडवाटेने झालेला आहे. कराडजवळील टेंभू येथे जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांनी मिल व स्पेन्सर यांच्या विचारांच्या आधारे ऐहिक सुखाच्या वाढीचा पुरस्कार केला. तर लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) ‘आधिभौतिक सुखवाद’ असे स्वतंत्र प्रकरण लिहून त्या विचारसरणीच्या मर्यादा दाखविल्या. या वादाचा रोख प्रामुख्याने इंग्रज उपयुक्ततावाद्यांवर होता. त्यामुळे त्यांचे ग्रीक पूर्वजही त्यांच्याच साच्यात पाहिले गेले आणि एपिक्यूरस म्हणजे ग्रीकांचा चार्वाक हे समीकरण सहज रुळले. ते तपासून पाहण्याजोगे आहे.

घोटाळ्याचे एक कारण भाषिक आहे. ग्रीकांजवळ दोन शब्द होते : ‘हेडोनी’ म्हणजे सुखद संवेदना आणि ‘यूडायमोनिया’ म्हणजे समग्र जीवनाचे साफल्य. मराठीत दोहोंसाठी ‘सुख’ हाच शब्द वापरला जातो. यूडायमोनिया हे साध्य होय, याविषयी बहुतेक ग्रीक संप्रदायांत एकवाक्यता होती. वाद होता तो तिच्यात हेडोनीला स्थान कोणते, हा. कठोपनिषदातील श्रेयस् व प्रेयस् हा भेद येथे जवळचा वाटतो. परंतु तेथे एकाची निवड करून दुसऱ्याचा त्याग करावयाचा असतो, तर ग्रीकांपुढील प्रश्न प्रेयस् हे श्रेयसाचे अंग होऊ शकते काय, असा होता.

सॉक्रेटीसचा सहवास लाभलेला ॲरिस्टिपस व त्याचा सायरीनी संप्रदाय यांनी वर्तमान क्षणीचे शारीरिक सुख हेच साध्य मानले. चार्वाकाशी तुलना करावयाची झाल्यास ती या संप्रदायाशी करणे अधिक सयुक्तिक ठरेल. त्याच संप्रदायातील हेगेसिअस मात्र सुखाचा जमाखर्च मांडता मांडता सुखी जीवन अशक्य आहे, या निष्कर्षाप्रत आला. त्याची व्याख्याने ऐकून लोक आत्महत्येस प्रवृत्त होतात, म्हणून टॉलेमी राजाने ती बंद पाडल्याची कथा सिसरोने नोंदविली आहे.

प्लेटोने गॉर्जिअस या संवादात अनिर्बंध वासनेच्या मनुष्याला गळक्या रांजणाची उपमा दिली. तथापि फिलीबस या उत्तरकालीन संवादात केवळ सुखाचे किंवा केवळ बुद्धीचे जीवन अपुरे ठरवून त्याने दोहोंचे मिश्रण श्रेष्ठ मानले. ॲरिस्टॉटलच्या मते यूडायमोनिया ही अवस्था नसून सद्‌गुणानुसारी क्रिया होय आणि तारुण्यावर कांती यावी त्याप्रमाणे निर्वेध क्रियेवर सुख येते. गीतारहस्यात संन्यास व कर्मयोग यांची चर्चा करताना टिळकांनी ॲरिस्टॉटलच्या या क्रियाप्रधान भूमिकेचा आधार घेतलेला आहे.

एपिक्यूरस (इ. स. पू. ३४१–२७०) याचा जन्म सेमॉस बेटावर झाला. सुमारे इ. स. पू. ३०६ मध्ये त्याने अथेन्समध्ये एक बाग घेऊन तेथे आपला संप्रदाय स्थापिला. त्यात स्त्रियांना व गुलामांनाही प्रवेश होता. त्याने वासनांचे तीन वर्ग केले : स्वाभाविक व आवश्यक (अन्न, निवारा), स्वाभाविक पण अनावश्यक (पक्वान्ने) आणि अस्वाभाविक व अनावश्यक (कीर्ती, सत्ता). पहिल्या वर्गातील वासनांची तृप्ती अल्पात होते. तिसऱ्यांना अंतच नसतो. ययातीच्या पौराणिक कथेतील अनुभव हाच आहे. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी ययाति (१९५९) या कादंबरीत तो नव्याने मांडला. शरीराला वेदना नसणे व चित्त अक्षुब्ध असणे ही एपिक्यूरसच्या मते सुखाची परमावधी होय. तिच्यापलीकडे सुखात विविधता येते, वाढ होत नाही. स्वतः तो भाकरी व पाणी यांवर संतुष्ट असे आणि एखादे वेळी चैन करावी म्हणून मित्राकडे थोडे चीज मागवी.

चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रहात चार्वाकाची भूमिका अशी दिली आहे, की काट्यांच्या भीतीने मासे किंवा तुसाच्या भीतीने तांदूळ कोणी टाकीत नाही; तद्वत दुःखमिश्रित सुखही टाकू नये. एपिक्यूरस नेमका येथे वेगळा होतो : पुढे अधिक दुःख देणारे सुख त्याने त्याज्य ठरविले. अर्थात चार्वाकाचे मत बव्हंशी प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून हाती आलेले आहे. एपिक्यूरसचीही विरोधकांनी पुष्कळ बदनामी केली. पण त्याची तीन पत्रे डायोजीनीस लेअर्शिअसच्या ग्रंथात टिकून राहिली, एवढा तो भाग्यवान.

स्टोइकांनी सुखाची गणना मनोविकारांत करून सद्‌गुण हाच यूडायमोनियाला पुरेसा मानला. सुख म्हणजे केवळ दुःखाचा अभाव, हे मत टिळकांना मान्य नव्हते. ‘सुखदुःखविवेक’ या प्रकरणात सुख व दुःख या दोन स्वतंत्र वेदना आहेत, असे त्यांनी प्रतिपादिले. हा आक्षेप एपिक्यूरसलाही लागू पडतो आणि तो दुर्बल नाही. सायरीनी संप्रदायानेही त्याच्यावर असाच आक्षेप घेतला होता, की वेदनांचा अभाव ही तर निद्रिताची स्थिती.

सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात (स्थापना १९१९) काही काळ अध्यापन केलेले गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांनी ग्रीक तत्त्वज्ञानाचा व्यासंग मुळापासून केला होता. उपनिषदांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात (१९२६) त्यांनी औपनिषदिक नीतिविचाराचे विवेचन पाश्चात्त्य नीतिशास्त्राच्या परिभाषेत केले आणि सुखनिषेध, साफल्यवाद व आनंदवाद यांचा वेगवेगळा विचार केला. तैत्तिरीय उपनिषदातील आनंदमीमांसेत मानुष आनंदापासून ब्रह्मानंदापर्यंत प्रत्येक पायरी मागील पायरीच्या शंभरपट आहे. रिपब्लिकच्या नवव्या भागात प्लेटोनेही असाच गुणाकार करून जुलमी सत्ताधीशापेक्षा तत्त्वज्ञ राजा ७२९ पटींनी सुखी असल्याचे म्हटले आहे. मात्र उपनिषदाच्या गणितात मानुष आनंदानंतरच्या प्रत्येक पायरीवर, कामनेने ग्रासलेला नसलेल्या श्रोत्रियालाही तोच आनंद लाभतो, अशी पुस्ती जोडलेली आहे.